दावणीचा खर्च कुणाच्या ताटातून



छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात बोलायला उभं राहिलं की १८५७ आठवतं. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातल्या बंडखोर शिपायांना इथल्या काळ्या चबुतऱ्यावर देहान्त शिक्षा झाली. तेव्हापासून हा चौक माणसांच्या मागण्या ऐकत आला आहे. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चा इथूनच निघाला. आरक्षण, पाणी, पीकविमा, नोकरभरती, दुधाचा भाव, सगळ्यासाठी माणसं इथे जमतात. यातल्या दुधाच्या भावापाशी मी आज थांबणार आहे. त्या मागणीच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो कुठल्याच फलकावर लिहिलेला नसतो. त्या भावात गोठ्यातल्या जनावराचं काय होतं?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या डॉक्टरसाहेबांनी पशुवैद्य म्हणून या जिल्ह्यातली गावं पायाखाली घातली. त्यांची एक सवय त्यांच्याबरोबर हिंडलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वाड्यात शिरले की आधी कडब्याच्या गंजीकडे बघायचे, मग जनावराकडे. गंज किती उरली आहे यावरून निम्मं दुखणं कळतं, असं ते म्हणायचे. माझं आजचं सगळं बोलणं त्या सवयीतून आलेलं आहे.

जनावराला कसं वागवलं जातं हे मालकाच्या दयाळूपणावर थोडंफार अवलंबून असतं. पण मुख्य गोष्ट दुसरी आहे. त्या जनावराच्या दावणीचा खर्च कोण उचलतो, यावर त्याचं आयुष्य ठरतं. तो खर्च शेवटी आपल्या ताटातून जातो, नाहीतर जातच नाही. आणि जिथे तो जात नाही तिथे जनावर उपाशी राहतं, विकलं जातं, रस्त्यावर सोडलं जातं. मांस खाणारा आणि न खाणारा, दोघेही या व्यवहारात आहेत. मी स्वतः शाकाहारी घरात वाढलो, तरी म्हणतो की हा विषय मांसाहारापासून सुरू करणं चूक आहे. आपल्या मराठवाड्यात तो भाकरीपासून सुरू होतो.

ज्वारी हे एकाच वेळी दोन पोटं भरणारं पीक आहे. कणसातला दाणा माणसाला, धाटाचा कडबा बैलाला. रब्बीत काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारी मालदांडी उंच वाढते, तिचा कडबा गोड असतो, जनावर तो आवडीने खातं आणि गंज नीट रचली तर वर्षभर टिकते. उन्हाळ्यात कुठे हिरवं दिसत नाही तेव्हा हीच गंज गोठा तगवते. शेतकरी ज्वारीचा हिशेब एकट्या दाण्यावर कधीच करत नसे. पेंढ्या किती निघाल्या हेही तो मोजायचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे जे वाण दिले, परभणी मोती, परभणी ज्योती, त्यांची शिफारस करतानाही धान्याबरोबर कडब्याचं उत्पादन सांगितलं जातं. कारण विकत घेणारा ते विचारतोच.

ही ज्वारी आपल्या ताटातून हळूहळू गेली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले. पोळी प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी गावाकडची ठरली. खरिपात बुटक्या संकरित ज्वारीचा कडबा कमी, तोही जनावराला फारसा न रुचणारा. मग सोयाबीन आलं. शंभर-सव्वाशे दिवसांत हातात पैसा, काढणीला यंत्र, पाखरं राखायची कटकट नाही. शेतकऱ्याने तिकडे वळण्यात काही गैर केलं असं मी म्हणणार नाही; ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही ही त्याची अडचण खरी आहे. पण परिणाम पाहा. १९६० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होतं. आता ते वीस लाखांच्या आत आलं आहे आणि सोयाबीन चाळीस लाखांच्या पुढे गेलं आहे.

सोयाबीनचं भुसकट जनावर खातं ते नाइलाजाने. त्याचं तेल आपण खातो आणि उरलेली पेंड पशुखाद्याच्या कारखान्यात जाते. त्यातला मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्याचा. म्हणजे जमीन तीच आहे. पूर्वी तिच्यावर दारातला बैल जगत होता, आता पिंजऱ्यातली कोंबडी जगते. हा बदल कुणा एकाने ठरवून केलेला नाही. लाखो घरांतल्या परातींमध्ये रोज सकाळी पीठ बदलत गेलं, त्यातून तो झाला.

याची किंमत दुष्काळात कळते. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात दीड हजाराच्या आसपास चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि त्यांत दहा लाखांहून अधिक जनावरं होती. सर्वांत जास्त छावण्या आपल्या शेजारच्या बीडमध्ये. तिथे दावणीला काय पडत होतं? बहुतेक ठिकाणी ऊस. घरातली कडब्याची गंज संपली, म्हणून शेकडो फूट खोल गेलेल्या पाण्यावर वाढवलेला ऊस तोडून जनावरांना घालायचा आणि त्याचे पैसे सरकारने द्यायचे. पाऊस कमी पडला हे तर खरंच. पण पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात गंज बाळगायची जी रीत होती ती आपल्या खाण्याबरोबर मोडली, हे आपण सांगत नाही.

आता दुधाकडे येतो. इथे मला जास्त वेळ लागणार आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत.

दूध हवं तर गाय व्यायली पाहिजे, म्हैस व्यायली पाहिजे. ती व्याली की निम्म्या वेळा नर होतो. एवढी साधी गोष्ट आपण चहाच्या कपाजवळ कधी आठवत नाही. पूर्वी गाईच्या नराला काम होतं. गोऱ्हा वाढायचा, बैल व्हायचा, नांगर आणि गाडी ओढायचा. लातूरकडची देवणी, नांदेडकडची लाल कंधारी या जाती त्या गरजेतूनच घडल्या: गाय बेताचं दूध देणारी, बैल कष्टाला दणकट. दूध जास्त हवं म्हणून जर्सी आणि होल्स्टिनचा संकर झाला. त्या संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड नीट नसतं, जू बसत नाही, ऊन सोसत नाही. त्यातच ट्रॅक्टर आला. म्हणजे ज्या शेतकऱ्याने आपल्याला वीस लिटर दूध दिलं त्याच्या दारात एक असा नर उभा राहिला ज्याला कामही नाही आणि गिऱ्हाईकही नाही.

गिऱ्हाईक नाही, कारण कायदा आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी घातली होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. या कायद्यामागची भावना मी हलकी लेखत नाही. पण २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातलं गोधन सुमारे एक कोटी चाळीस लाख निघालं, २०१२ पेक्षा दहा टक्क्यांनी कमी. ज्या म्हशीला असं पूर्ण संरक्षण नाही तिची राज्यातली संख्या होती तेवढीच राहिली. देशभरात त्या सात वर्षांत गाईच्या जातीतले नर तीस टक्क्यांनी घटले आणि माद्या अठरा टक्क्यांनी वाढल्या. कायदा हे एकच कारण नाही, ट्रॅक्टरही आहे, दुष्काळही आहे. पण एक गोष्ट आकड्यांवरून उघड दिसते: जनावर मारू नका असं सांगितलं आणि ते पाळायचा खर्च कुणी उचलायचा हे सांगितलं नाही, तर जनावर वाचत नाही. शेतकरी ते पाळणंच सोडून देतो. जे जन्मलेलं आहे ते हायवेच्या दुभाजकावर दिसतं, नाहीतर रात्रीच्या ट्रकमध्ये, दाटीवाटीने, पाण्याविना.

२०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. वाटेत अडवणूक होते, कागद असताना मारहाण होते, ही त्यांची तक्रार होती. तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि शेतकऱ्याला भाकड म्हैस विकता येईना. इथून पैठण गेटकडे निघालं की सिल्लेखाना लागतो. तिथला खाटीक आणि गंगापूरचा दूधउत्पादक एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत, हे त्या पावसाळ्यात दोघांनाही कळलं होतं. मधे बसलेल्या आपल्या शहराला ते कळलं की नाही याची मला शंका आहे.

म्हशीच्या नराची गोष्ट आणखी कठीण आहे. देशात म्हशीच्या माद्या सुमारे दहा कोटी आहेत आणि नर एक कोटीच्या आत. जन्माला मात्र दोन्ही सारखेच येतात. मग बाकीचे गेले कुठे? काही मांसासाठी गेले, आणि फार मोठ्या संख्येने पारडी वयाच्या पहिल्या काही महिन्यांतच गेली. त्यांना कुणी मारत नाही. त्यांच्या वाटणीचं दूध त्यांना मिळत नाही, एवढंच होतं. पारडाने सडाला तोंड लावलं आणि म्हशीने पान्हा सोडला की त्याला ओढून बाजूला बांधायचं. हगवण लागली तर डॉक्टर बोलवायचा नाही, कारण डॉक्टरची फी त्या पारडाच्या किमतीपेक्षा जास्त. डॉक्टरसाहेब अशा पारडांना फी न घेता बघायचे, हे इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. पारडू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मग काही ठिकाणी पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रोज टोचलं जातं.

आपण पैठणच्या मुलखातली माणसं आहोत. ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ही कथा आपल्याला पाळण्यातच कळते. त्याच कथेत सांगतात की पखाल वाहणाऱ्या रेड्याच्या पाठीवर आसूड बसले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिच्यावर डोकं ठेवतात. मला त्या कथेतला चमत्कार महत्त्वाचा वाटत नाही. ज्याला गावात काहीच किंमत नाही अशा जनावराचा मार स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस आपल्या भाषेने आपला थोर कवी मानला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या भाषेत बोलणाऱ्यांच्या गोठ्यात आज रेडकू उपाशी मरतं.

इथे खरवसाविषयी बोललं पाहिजे, जरी ते अनेकांना आवडणार नाही. गाई-म्हशींत गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती सगळी पहिल्या चिकातून मिळतात, आणि वासराचं आतडं ती साधारण पहिल्या चोवीस तासांतच शोषू शकतं; त्यातही पहिले काही तास मोलाचे. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी तीनेक लिटर चीक लागतो. उरलेला चीक घरी वापरला तर काही बिघडत नाही, जुन्या घरांत वासराचं पोट भरल्यावरच खरवस व्हायचा. पण आता शहरातल्या डेअरीत खरवस बारा महिने मिळतो, विकत मिळतो. त्या वडीसाठी पहिल्या दिवसाचा चीक सर्वांत चांगला, कारण तो सर्वांत घट्ट वळतो. मागणी वाढेल तसा वासराच्या तोंडचा तोच पहिला दिवस विकला जाणार. दुधाच्या बाबतीत एकच गोष्ट सोडायची असेल तर मी विकतचा खरवस सोडा म्हणेन.

या सगळ्यात शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं आहे. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर दूध ओतलं गेलं आणि आपण शहरी माणसं हळहळलो. दूध वाया गेलं म्हणून हळहळलो; ज्या भावात ते मागितलं जात होतं त्या भावात वासरू पाळता येत नाही, याची हळहळ नव्हती. २०२४ मध्ये सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं, म्हणजे भाव पुरत नाही हे सरकारने मान्यच केलं. पेंड, सरकी, डॉक्टर, वीज, मजुरी हे सगळं त्या भावातून जाऊन जे उरतं त्यात दुधाचं जनावर कसंबसं बसतं. वासरू बसत नाही, भाकड गाय बसत नाही. त्यांच्या नावाचे पैसे आपण दिलेलेच नसतात. गोशाळेला देणगी देणारी माणसं चांगल्या मनाची असतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण गोशाळेत पोचतं ते जनावर फार थोडं. बाकीच्यांचा खर्च रोजच्या पिशवीच्या दरातच असायला हवा. लिंगनिर्धारित रेतमात्रांनी कालवडीच जास्त जन्माव्यात असा प्रयत्न पशुसंवर्धन खातं करतं आहे. तो उपाय चांगला आहे आणि व्हायला हवा, मात्र त्यानेही भाकड गाईचा प्रश्न सुटत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जनावरांचा प्रश्न असाच हिशेबाने मांडला होता. गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी गाईबैलांची कत्तल वाढली, जंगलखात्याने चराई बंद केली, म्हणून कुणब्याच्या दावणीला बैल उरला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणाच्या ताटात काय पडतं आणि त्यामुळे कुणाची दावण रिकामी होते, हे विचारण्याची रीत त्यांनी घालून दिली. आपण ती पुढे नेली नाही.

साखरेचं थोडक्यात सांगतो. चहातल्या साखरेत जनावर आहे असं कुणाला वाटत नाही. आपल्याकडून, बीडकडून, जालन्याकडून दिवाळीच्या आसपास जी कुटुंबं ऊसतोडीला जातात त्यांतल्या अनेकांबरोबर बैलजोडी असते. मोळ्यांनी भरलेली गाडी शेतातल्या कच्च्या वाटेवरून कारखान्यापर्यंत ओढायची. १९६५ चे ओझ्याच्या जनावरांविषयीचे केंद्राचे नियम सांगतात की दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन काम नकोच. मार्च-एप्रिलमध्ये हे नियम किती पाळले जातात ते कुठल्याही कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या रांगेत उभं राहिलं की दिसतं. टनावर मजुरी मिळते तोवर बैलाला विसावा देणं त्या नवरा-बायकोला परवडणारं नाही. उचल घेतलेली असते, ती फिटायची असते. बैल आणि माणूस तिथे एकाच जोताला जुंपलेले आहेत.

आता अंडं आणि कोंबडी. १९८२ मध्ये पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि दलालांच्या हातातला अंड्याचा भाव उत्पादकांच्या हातात आला. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते मोठं काम होतं. अंडं स्वस्त झालं, गावोगाव पोचलं, हेही चांगलं झालं. पण ते ज्या पद्धतीने स्वस्त झालं ती पद्धत आपण पाहिली पाहिजे. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. आपण झेरॉक्सला वापरतो तो कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. तेवढ्या जागेत तिने अठरा-वीस आठवड्यांच्या वयापासून पुढचं वर्षभराहून जास्त काढायचं, पंख न पसरता, मातीत न अंघोळता, अंडं घालायला आडोसा न मिळता. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, परसातली गावरान साठ-सत्तर, ही तीनशेच्या वर घालते. कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. आणि या जातीचे नर? ते अंडी देत नाहीत, मांसालाही भरत नाहीत. अंड्यातून बाहेर आल्याच्या पहिल्याच दिवशी ते मारले जातात. दुधाच्या गोऱ्ह्याचीच ही गोष्ट, फक्त काही वर्षांऐवजी काही तासांत आटोपलेली. जर्मनीने २०२२ च्या जानेवारीपासून यावर बंदी घातली आहे. युरोपीय संघाने साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात हाच विषय घेतला होता आणि पिंजऱ्यांच्या विरोधात मत दिलं होतं.

ब्रॉयलरचं दुखणं वेगळं आहे. त्याला पिंजरा नसतो, त्याला त्याचं शरीरच पिंजरा होतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने आणि नवे वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. १९५७ चा वाण छप्पन्न दिवसांत सुमारे ९०० ग्रॅम भरला, २००५ चा ४,२०० ग्रॅम. आपल्याकडे तो पक्षी पाच-सहा आठवड्यांतच विकला जातो. छातीचं मांस वाढतं तेवढ्या वेगाने पायाची हाडं वाढत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात कितीतरी पक्षी बसूनच असतात. दाटीमुळे आजार, म्हणून खाद्यात औषधं. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवायचं प्रतिजैविक जनावरांना देण्यावर २०१९ मध्ये केंद्राला बंदी घालावी लागली.

याच्या शेजारी उस्मानाबादी शेळी उभी करा. ती माळावर चरते, बोरी-बाभळीचा पाला ओरबाडते, बहुधा दोन करडं देते आणि त्यांना स्वतः पाजते. ती बहुतेक घरांत बाईच्या मालकीची असते आणि अडीनडीला तीच कामाला येते. तिचा शेवट खाटकाकडे होतो. तरीही माझं प्रामाणिक मत असं आहे की जगण्याच्या बाबतीत ती शेळी आपल्या पांढऱ्या अंड्याच्या कोंबडीपेक्षा आणि दुधाच्या पारडापेक्षा कितीतरी बरी आहे. म्हणून ताट शाकाहारी की मांसाहारी एवढ्यावर जनावराचं बरं-वाईट मोजता येत नाही, असं मी म्हणतो. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन या इंग्रज बाईने ‘ॲनिमल मशीन्स’ लिहून कारखानदारी पशुपालन लोकांसमोर आणलं, त्यावर तिथल्या सरकारने समिती नेमली आणि तिच्या १९६५ च्या अहवालातून जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांची कल्पना पुढे आली: भूक-तहान, अस्वस्थता, दुखणं, भीती यांपासून मोकळीक आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मुभा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराज निकालात ती उचलून धरली. शेळीला या पाचांतली बरीचशी मिळतात. पिंजऱ्यातल्या कोंबडीला यांतलं स्वभावाप्रमाणे वागणं एक दिवसही मिळत नाही.

खाण्याविषयी बोलताना जात बाजूला ठेवता येत नाही, विशेषतः मराठवाड्यात. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे २०१५ चं पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना माहीत आहे की इथल्या महार-मांग घरांनी काय खाल्लं, का खाल्लं आणि त्यासाठी किती हिणवून घेतलं. या शहराची नान-खलियाची डेगही अशाच नजरा झेलत आली आहे. जनावरांच्या दयेच्या नावाने दुसऱ्याच्या चुलीत डोकावणं मला मान्य नाही. ज्याच्या हातात पैसा आहे, निवड आहे, त्याने आधी स्वतःचं ताट पाहावं. शाळेतल्या मुलांच्या अंड्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे देणं थांबवलं. कुपोषित मुलाच्या हातातलं अंडं काढून कोंबडीचं भलं होत नाही. उलट सरकार एवढी मोठी खरेदी करत असतं तेव्हा त्यालाच अट घालता येते की अंडी गावातल्या बचतगटांच्या मोकळ्या कोंबड्यांची घ्यायची. त्यात मुलाचं, बाईचं आणि कोंबडीचं, तिघांचं बघितलं जातं. ही मागणी घेऊन कुणी क्रांती चौकात आलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

घरात काय करायचं, असं मला बहुतेक प्रत्येक ठिकाणी विचारतात. दूध थोडं कमी घ्या आणि जास्त भावाचं घ्या, पण तो जास्त भाव गोठ्यापर्यंत जातो का हे विचारा. ज्याच्याकडे वासरू आईपाशी दिसतं त्याच्याकडून घ्या. आपल्या शहराच्या कडेला अजून असे गोठे आहेत, शेंद्र्याकडे, सातारा परिसरात, मिटमिट्याकडे चक्कर मारली तर भेटतात. रोजच्या चिकनऐवजी आठवड्यातून एकदा खा आणि त्या दिवशी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचे दुप्पट पैसे द्या. पैसे कमी असतील त्यांनी यातलं काहीच केलं नाही तरी माझी तक्रार नाही.

भाकरी मात्र सगळ्यांच्या आवाक्यातली आहे आणि या शहरात तिला एक मोठं गिऱ्हाईक आहे, ज्याचा विचार आपण केलेला नाही. विद्यापीठ, महाविद्यालयं, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या यांच्यामुळे हजारो मुलं-मुली इथल्या खानावळींत दोन वेळ जेवतात. त्यांतली बहुतेक ज्वारीच्या गावांतून आलेली आहेत आणि रोज पोळी खातात, कारण खानावळवाल्या बाईला भाकरी थापायला हात पुरत नाहीत. भाकरीचे दोन रुपये जास्त द्यायची तयारी ठेवा, ती थापणारी बाई ठेवेल. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. वसतिगृहांनी आणि खानावळींनी आपली वर्षाची गरज त्याआधी, पोळ्याच्या सुमारास, फुलंब्री-पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्यांना कळवली आणि क्विंटलचा भाव लिहून दिला, तर सोयाबीन निघालेल्या रानात ते ज्वारी पेरतील. करारात एक ओळ आणखी घाला: दाणा शहरात येईल, कडबा गावातच राहील.